आधी गटार, मग कारंजं

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, आणि तेही सुरतला. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती-हिंदी, शाळेत इंग्लिश. लिहायचं मराठी मी खऱ्या अर्थाने इथे हॉस्टेलला आल्यावर शिकले. त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पोटात घाला. मराठी विभागासाठी काहीतरी दे म्हणून मॅडम मागे लागल्या तेव्हा मी सांगितलं की कविता मला जमणार नाही, अभ्यासाचं काहीतरी लिहिते. त्या म्हणाल्या, अभ्यासाचं लिही, पण झोप येईल असं लिहू नकोस. प्रयत्न करते.

मागच्या सेमिस्टरला एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या तासाला सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला, "उद्या तुम्हाला महापालिकेचं कमिशनर केलं तर पहिल्या महिन्यात काय कराल?" वर्गात एकदम उत्साह. कोणी म्हणालं मेट्रो, कोणी फ्लायओव्हर, कोणी सगळ्या चौकांत सीसीटीव्ही. मागच्या बाकावरून "सबमिशनची तारीख पुढे ढकलू" असंही उत्तर आलं. मी उभी राहून मोठ्या ऐटीत सांगितलं की नदीकाठी बाग करीन आणि तिथे म्युझिकल फाउंटन लावीन. सरांनी विचारलं, "तू कुठली गं?" म्हटलं, सुरतची. सर म्हणाले, "मग तुझ्याकडून तरी हे उत्तर यायला नको होतं." आणि पुढे शिकवायला लागले.

मला खूप लागलं ते. सुरतचं असं काय आहे जे सरांना माहीत आहे आणि मला नाही? माझा जन्म तिथला. पण मी शाळेच्या बसने गेले आणि शाळेच्या बसने आले, शहराकडे कधी नीट पाहिलंच नाही. दिवाळीत घरी गेल्यावर मी पप्पांना विचारायला सुरुवात केली. नंतर लायब्ररीत जे मिळालं ते वाचलं. त्यातून हा लेख झाला.

पप्पा दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातून सुरतला गेले तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. धुळे, नंदुरबार, जळगाव भागातल्या हजारो लोकांसारखेच ते ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले आणि पॉवरलूमवर लागले. लिंबायतला एका खोलीत सात जण राहायचे. बारा तासांची पाळी. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच गोधडीवर झोपायचे. तेव्हाच्या सुरतचे आकडे पाहिले तर अंगावर येतात. १९८१ साली लोकसंख्या पावणेआठ लाख होती, १९९१ साली ती पंधरा लाखांच्या घरात गेली. म्हणजे दहा वर्षांत एक अख्खं दुसरं सुरत उभं राहिलं, आणि त्या दुसऱ्या सुरतला ना गटार होतं ना संडास. खाड्यांच्या काठाने झोपड्या वाढत गेल्या. (सुरतला खाडी म्हणजे समुद्राची खाडी नव्हे. शहरातून वाहणाऱ्या मोठ्या ओढ्याला तिथे खाडी म्हणतात. मिठी खाडी, कोयली खाडी अशी त्यांची नावं आहेत.)

सप्टेंबर १९९४ च्या सुरुवातीला पाऊस खूप झाला. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी नदी सखल भागात शिरली. पूर ओसरला, पण चिखल, मेलेली जनावरं आणि कचरा तसाच पडून राहिला. ऑगस्टमध्येच आपल्या बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतला, वेड रोडच्या बाजूला, माणसं ताप आणि खोकल्याने पटापट मरायला लागली. फुप्फुसाचा प्लेग. मृत्यू एकंदर पन्नासच्या आसपास झाले. आकडा ऐकून तुम्हाला वाटेल एवढेच? पण तेव्हा कोणाला माहीत होतं की तो तिथेच थांबणार आहे? टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. खाजगी डॉक्टरच दवाखाने बंद करून निघून गेले. काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले.

त्यांत पप्पाही होते. उधना स्टेशनवर गाडीच्या दाराला लोंबकळून ते गावी पोचले. गावाने त्यांना आत घेतलं नाही. सातही जणांना आठ दिवस शेतातल्या खोपीत ठेवलं. आजी रोज बांधावर भाकरी ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची. पोरगा भाकरी उचलतो का ते बघायची आणि मागे फिरायची. हे सांगताना आजी आजही रडते. पप्पा मात्र विषय बदलतात.

आता मुद्द्याची गोष्ट. सुरत काही गरीब शहर नव्हतं. कापड आणि हिरे यांचा एवढा मोठा बाजार, त्यावरची जकात रोजच्या रोज नाक्यावर जमा व्हायची. तेव्हा जकात हेच पालिकेचं मुख्य उत्पन्न होतं. गुजरातमध्ये ती २००७ साली बंद झाली. म्हणजे तिजोरीत पैसे होते, कामगार होते, इंजिनिअर होते, कायदाही होता. तरी शहरातला जेमतेम निम्मा कचरा उचलला जात होता. मग कमी काय होतं?

आधी कायदा बघू, कारण तो वाचताना मला एक मजेशीर गोष्ट सापडली. सुरत महापालिका आणि आपल्याकडच्या पुणे, नाशिक वगैरे महापालिका मुळात एकाच कायद्यावर चालतात. १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. १९६० साली राज्य दोन झाली, कायदा मात्र दोघांनी आपापल्या घरी नेला. आपल्याकडे तो आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून आणि तिकडे गुजरातच्या नावाने ओळखला जातो. (मुंबईचा कायदा वेगळा आहे, तो १८८८ चा.) या कायद्यात कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत. रस्ते झाडणं, कचरा उचलणं, मैला आणि सांडपाणी यांची विल्हेवाट, गटारं, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, साथीच्या रोगांना आळा, प्राथमिक शाळा, जन्ममृत्यूची नोंद, स्मशानं. आणि कलम ६६ मध्ये स्वेच्छाधीन, म्हणजे जमलं तर करावीत अशी कामं आहेत. बागा, ग्रंथालयं, संग्रहालयं, पोहण्याचे तलाव, बससेवा वगैरे.

आपल्या भाषेत सांगायचं तर ६३ म्हणजे कंपल्सरी विषय आणि ६६ म्हणजे इलेक्टिव्ह. आणि बऱ्याच शहरांचं आपल्यातल्या काही जणांसारखंच होतं. कंपल्सरीमध्ये एटीकेटी आणि इलेक्टिव्हमध्ये डिस्टिंक्शन! कारंजाचं उद्घाटन करता येतं, फोटो छापून येतो. चेंबरचं झाकण बदललं तर कोण नारळ फोडणार? माझं वर्गातलं उत्तर त्यातलंच होतं.

याचा अर्थ इलेक्टिव्ह फालतू असतात असं मी म्हणत नाही. बस नसेल तर कामगाराने कामाला जायचं कसं? ग्रंथालय नसतं तर हा लेखही झाला नसता. प्रश्न फक्त क्रमाचा आहे, आणि तो क्रम १९४९ सालीच कोणीतरी नीट विचार करून लिहून ठेवला आहे.

मे १९९५ मध्ये सुरतला एस. आर. राव हे कमिशनर म्हणून आले. प्लेगला सात-आठ महिने झाले होते, शहर परत पूर्वीसारखं घाण झालं होतं आणि पावसाळा तोंडावर होता. रावांनी काय केलं याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि त्यांना हिरो करून टाकणारंही पुष्कळ आहे. मला ते सगळं सांगायचं नाही. मला त्यातली एकच गोष्ट इंजिनिअर म्हणून महत्त्वाची वाटली. त्यांनी अधिकाऱ्यांच्या दिवसाचं वेळापत्रक बदललं.

आधी कसं होतं? गटार तुंबलं तर वॉर्डातला माणूस तक्रार करणार, ती खात्याकडे जाणार, खातं मुख्य ऑफिसला फाईल पाठवणार, मंजुरी येईपर्यंत पाऊस संपणार. रावांनी शहराच्या सहा झोनना खरे अधिकार दिले. झोनच्या प्रमुखाला खर्चाचे अधिकार, माणसं आणि जबाबदारी तिन्ही एकत्र दिली. त्या प्रमुखांत इंजिनिअरही होते. रोज सकाळी सगळ्या अधिकाऱ्यांनी आपापल्या भागात पायी फिरायचं आणि दुपारी सगळ्यांनी एकत्र बसून सकाळी काय दिसलं आणि काय केलं ते सांगायचं. याला त्यांनी "एसी टू डीसी" असं नाव दिलं होतं. एसी म्हणजे एअरकंडिशन्ड ऑफिस आणि डीसी म्हणजे डेली चोअर्स, रोजची कामं. इलेक्ट्रिकलवाल्यांनी माफ करावं.

कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना हे लगेच कळेल. सिस्टिम तीच, फक्त फीडबॅकचा वेळ महिन्यांवरून एका दिवसावर आणला. त्यातच दुसरी सोय अशी की हॉस्पिटलं, खाजगी डॉक्टर आणि लॅब यांच्याकडून ताप, मलेरिया, जुलाब यांच्या रुग्णांची माहिती रोज मागवायला सुरुवात झाली. एखाद्या गल्लीत जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले की तिथे पाण्याची लाइन फुटून गटाराचं पाणी शिरलं असणार, हे लोक मोर्चा घेऊन येण्याच्या आधी कळतं. रुग्ण हाच सेन्सर. वाचायला कठोर वाटतं, पण साथ रोखायचा दुसरा लवकरचा मार्ग तेव्हा नव्हता.

मी पप्पांना विचारलं, तुम्हाला कामगारांना कधी कळलं की काहीतरी बदललंय? ते म्हणाले, "साहेब गाडीतून उतरून आत चालत आला तेव्हा." त्यांच्या गल्लीत गाडी जायचीच नाही, आणि कोणी साहेब कधी चालत आला नव्हता. त्यानंतर गल्लीत फरशी बसली, दिवे आले, पैसे देऊन वापरायचं शौचालय झालं. मोठे रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. रातपाळीहून घरी येताना झाडूचा आवाज यायचा ही त्यांची आठवण. हॉटेलांची तपासणी झाली, घाणेरड्या हॉटेलांना टाळं लागलं, रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांकडून दंड वसूल झाला.

अतिक्रमणंही पडली. रस्ते रुंद करायला सुरुवात केली तेव्हा आधी वजनदार लोकांची बांधकामं पाडली, म्हणून सामान्य लोक गप्प राहिले असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. ते खरंच आहे. पण नंतर टपऱ्याही गेल्या. पप्पांच्या एका मित्राची चहाची टपरी गेली आणि तो गावी परतला तो परतलाच. पप्पा म्हणतात, शहर साफ झालं ते चांगलंच झालं, पण त्याचं नाव कोणत्या पुस्तकात येणार? मी म्हटलं, मी लिहीन. पप्पा नको म्हणाले, म्हणून नाव लिहीत नाही.

१९९६ साली इनटॅक या संस्थेने सुरतला देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरवलं. पहिलं चंदीगड. प्लेगनंतर दोन वर्षांत! पुढे रावांची बदली झाली. खरी परीक्षा तिथून सुरू होते, कारण आपल्याकडे चांगला अधिकारी गेला की त्याच्याबरोबर कामही जातं. सुरतला बरंचसं टिकलं. झोनची पद्धत राहिली, सकाळचं फिरणं राहिलं, रोगांची रोजची नोंद राहिली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर आणि सुरत यांना मिळून पहिला नंबर मिळाला. जानेवारी २०२४ मध्ये तो निकाल लागला तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला होता. मीसुद्धा टाळ्यांचे चार स्मायली टाकले होते, वेड रोड म्हणजे काय ते माहीत नसताना.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येते, म्हणजे सांडपाण्याकडे. (हॉस्टेलच्या टेबलावर जेवताना हे वाचत असाल तर पुढचे दोन परिच्छेद नंतर वाचा.) एकदा तुम्ही गटारं नीट टाकली आणि मैलापाणी एका ठिकाणी आणून शुद्ध केलं की ते पाणी म्हणजे डोकेदुखी राहत नाही, तो माल होतो. सुरतला बमरोली येथे २०१४ पासून ४० एमएलडीचा टर्शरी ट्रीटमेंट प्लांट चालू आहे. नेहमीच्या प्रक्रियेनंतर उरलेलं पाणी तिथे अल्ट्राफिल्ट्रेशन, आरओ अशा पायऱ्यांतून जातं आणि पांडेसरा जीआयडीसीतल्या कापड रंगवणाऱ्या गिरण्यांना विकलं जातं. पप्पा आता अशाच एका गिरणीत सुपरवायझर आहेत. त्यांनी मला गिरणीतला नळ दाखवला आणि म्हणाले, हे पाणी आपल्याच घरातून निघालेलं असेल.

साधा हिशोब करू. ४० एमएलडी म्हणजे रोजचे ४ कोटी लिटर. मोठ्या शहरासाठी माणशी १३५ लिटरचा निकष आपण पाठ केलेला आहे. भागाकार केला तर जवळजवळ ३ लाख माणसांचं रोजचं पाणी होतं. एवढं पाणी गिरण्यांनी नदीतून किंवा जमिनीतून उपसायचं वाचलं, आणि वर पालिकेला पैसे मिळाले. पण क्रम बघा. आधी गटार, मग शुद्धीकरण, मग विक्री. गटार टाकायच्या वर्षी त्यातून एक रुपयाही सुटत नव्हता. ज्या शहराने आधी कारंजं केलं असतं त्याला कारंजात सोडायला पाणीही टँकरनेच आणावं लागलं असतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की ही सुरतची जाहिरात आहे. नाही. आता उरलेलं ऐका.

ऑगस्ट २००६ मध्ये मी एक वर्षाची होते. उकाईचा पाणलोट भरून वाहत होता आणि धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं. क्युमेकमध्ये साधारण २५ हजार. नदीच्या पात्राला ते झेपणं शक्यच नव्हतं. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आईने मला वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंकडे दिलं आणि तीन दिवस आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. दूध नव्हतं. काकूंनी मला साखरेचं पाणी पाजलं म्हणून आजही त्या मला "साकरपाणी" म्हणून हाक मारतात. सकाळी कितीही चांगलं फिरलात तरी शंभर किलोमीटरवरच्या धरणाचे दरवाजे पालिकेच्या हातात नसतात. शहराचं पाणी शहराच्या हद्दीत सुरू होत नाही आणि संपतही नाही.

पण त्याला निसर्गाचं म्हणून सोडून देऊ. खाडीचं काय? जुलै २०२४ मध्ये आणि परत जून २०२५ मध्ये लिंबायत आणि आसपासच्या भागात खाडीचं पाणी घरांत शिरलं. याला सुरतला खाडीपूरच म्हणतात, एवढं ते नेहमीचं झालंय. तापीला पूर नसतानाही हा पूर येतो. खाडीच्या काठावर भराव आणि बांधकामं होत गेली, पात्र अरुंद झालं, वरचा भाग सगळा काँक्रीटचा झाल्याने पाणी जमिनीत मुरत नाही आणि एकदम खाली येतं. त्यात भरतीची वेळ असली की पुढे निचरा मंदावतो. हायड्रॉलॉजीच्या पेपरात हे सगळं आपण लिहितो आणि पाच मार्क घेतो. लिंबायतच्या बाईला मात्र धान्याचा डबा माळ्यावर चढवावा लागतो. याच शहरात शंभराहून अधिक पूल आहेत आणि त्याचा अभिमानही आहे. मला पुलांबद्दल राग नाही, मी स्वतः सिव्हिलची आहे, उद्या पूलच बांधीन. पण सुरत महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक साडेनऊ हजार कोटींच्या घरातलं असताना मिठी खाडीचं पाणी त्याच घरांत दरवर्षी शिरत असेल तर सकाळी फिरणारा साहेब त्या गल्लीपर्यंत पुन्हा पोचायला हवा, एवढं नक्की.

दुसरी गोष्ट कोसाडची. तापीच्या काठावरच्या झोपड्या हलवून बऱ्याच लोकांना शहराच्या उत्तरेला कोसाडला पक्की घरं दिली गेली. घरं चांगली, भिंती पक्क्या, संडास आत. पण कामं राहिली जुन्या जागी. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा रिक्षाचा खर्च पगारात कसा बसायचा? घर देणं हे ज्या खात्याचं काम त्याने ते केलं, कामाच्या जागी पोचवणं हे दुसऱ्या खात्याचं काम. कागदावर दोन्ही ओळी वेगळ्या असतात. माणूस एकच असतो.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला सगळ्यात जास्त भावली आणि जिच्याबद्दल बाहेर फारसं कोणी बोलत नाही. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर हिंदी, उर्दू, मराठी, उडिया, तेलुगू आणि इंग्लिश माध्यमांच्याही आहेत. म्हणजे गंजामहून आलेल्या उडिया कामगाराचं पोर उडियात शिकतं आणि खानदेशातून आलेल्याचं मराठीत, आणि फी नाही. माझी चुलत बहीण अशाच पालिकेच्या मराठी शाळेत शिकली. मी टाय लावून स्कूलबसने जायचे तेव्हा ती दोन वेण्या घालून चालत जायची आणि मला वाटायचं, बिचारी. आज हा लेख मी तिला फोनवर वाचून दाखवला आणि तिने माझ्या एकतीस चुका काढल्या. बिचारी कोण ते तुम्हीच ठरवा.

आता हे सगळं आपल्या हॉस्टेलला का सांगायचं? कारण आपल्याकडेही एक प्रयोग झाला, आणि तो अर्धा फसला. तो सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये लेडीज हॉस्टेलमध्ये तीन मुलींना डेंगू झाला. त्यातली एक माझी रूममेट. तिच्या प्लेटलेट्स पंचवीस हजारांवर आल्या आणि तिच्या वडिलांना रात्रीची एसटी पकडून यावं लागलं. त्या आठवड्यात मी नुकतंच सुरतचं वाचत होते, त्यामुळे डोक्यात रावसाहेब शिरलेले. मी जाहीर केलं की मेसच्या मागचं उघडं गटार हेच सगळ्याचं मूळ आहे. आम्ही सहा जणींनी रोज सकाळी साडेसातला तिथे जायचं ठरवलं. रेक्टर मॅडमना भेटलो, मेसच्या काकांना भात आणि चहाचा चोथा गटारात न टाकण्याची विनंती केली, जाळी बसवून घेतली. दहा दिवसांत गटार वाहतं झालं. आम्ही एकदम खूश.

मग आरोग्य खात्याच्या एक ताई पाहणीला आल्या. त्यांनी गटार बघितलं, छान म्हणाल्या आणि विचारलं, "आता तुमच्या रूम दाखवा." डेंगूचा डास गटारात अंडी घालत नाही, त्याला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं, हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. ताईंनी टॉर्च घेतला आणि अर्ध्या तासात अकरा ठिकाणी अळ्या दाखवल्या. कूलरच्या ट्रेमध्ये, बाथरूममधल्या झाकण नसलेल्या ड्रममध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये. आणि माझ्या कॉटखाली पाणी जाईल तेव्हा लागेल म्हणून भरून ठेवलेल्या माझ्या स्वतःच्या बादलीत.

रूममेटच्या वडिलांसमोर मी काय तोंडाने उभी राहिले ते मलाच माहीत. गटार साफ करणं चुकीचं नव्हतं, त्याचाही वास आणि त्याचेही डास होतेच. पण मी न बघताच आधी काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. वर्गात कारंजं म्हटलं तेव्हाही न बघता, आणि गटार म्हटलं तेव्हाही न बघताच. रावांच्या अधिकाऱ्यांनी सकाळी आधी फिरून पाहिलं आणि दुपारी ठरवलं. मी फक्त त्यांची साडेसातची वेळ उचलली होती.

ताईंनी जाताना एक गणित सांगितलं, ते लिहून ठेवा. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी केली तर साखळी तुटते. रोज करायची गरज नाही आणि पंधरा दिवसांनी करून उपयोग नाही. नुसतं पाणी ओतूनही चालत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. घासावंच लागतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोन रूमची पाळी असते. टॉर्च आणि वही घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरायचं, काय दिसलं ते वहीत लिहायचं आणि सही करायची. सुरुवातीचे सहा रविवार वही नीट भरली आहे. मग सबमिशन आली आणि तीन पानं कोरी राहिली. त्यातला एक रविवार माझ्याच रूमचा आहे. दिवाळीनंतर परत सुरू केलं. बॉइज हॉस्टेलमधून दोघं वही बघून गेले आणि आम्हीही करू म्हणाले, अजून केल्याचं ऐकलेलं नाही. गच्चीवरचे टायर कोणी हलवायचे यावर कार्यालयात अर्ज दिला आहे. त्या अर्जाला सहा आठवडे झाले, तो सध्या कोणत्या टेबलावर आहे याचा शोध चालू आहे.

या रविवारी पाळी १४ आणि १५ नंबरच्या रूमची आहे. यादी जिन्याजवळच्या नोटीसबोर्डवर लावली आहे. १५ नंबरने सही केली आहे.